किल्ली खिशात, बोनेट बंद

तुमच्या घरच्या कारचं बोनेट उघडायचा खटका कुठे आहे, सांगा बरं पटकन. सर्च न करता, पप्पांना फोन न लावता. परवा कँटीनमध्ये आमच्या ग्रुपला मी हाच प्रश्न विचारला. आमच्यातल्या सहा जणांकडे कारचं लायसन्स आहे. बरोबर उत्तर दोघांनी दिलं. एकाने छातीठोकपणे डिकीचा खटका सांगितला. एक मैत्रीण म्हणाली, ‘मला काय गॅरेज टाकायचंय का?’ आणि तिने माझ्या प्लेटमधला सामोसा उचलला.

मी हसले नाही, कारण वर्षभरापूर्वी मीही हेच म्हटलं असतं. त्या अज्ञानाची किंमत मी मोजलीय, साडेअकरा हजार रुपये. माझ्या इंटर्नशिपच्या मानधनात सांगायचं तर दीड महिना.

आमच्याकडे २००८ची मारुती ८०० आहे. तीच ती, डिसेंबर १९८३मध्ये आलेली आणि आपल्या आईबाबांच्या पिढीला पहिल्यांदा ‘स्वतःची गाडी’ हे शब्द शिकवणारी. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं छोटंसं इंजिन. जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी सगळ्यात तरुण ८००सुद्धा दहा वर्षांच्या पुढची आहे. ८०० असो, जुनी ऑल्टो असो, सँट्रो किंवा झेन असो, या गाड्या आता आपल्या वाट्याला आल्यात. घरात नवी गाडी आली की जुनी पोरांकडे येते. का? तर ‘हात साफ होईपर्यंत हीच चालव, ठोकलीस तरी चालेल.’

‘ठोकलीस तरी चालेल’ या वाक्यावरच माझा आक्षेप आहे. त्यातून आपण सोयीचा अर्थ काढतो, की हिच्याकडे नाही बघितलं तरी चालेल. नव्या गाडीला स्क्रॅचगार्ड, सीट कव्हर, दर महिन्याला पॉलिश. आणि सतरा वर्षांच्या गाडीला, जिला खरी गरज आहे, तिला फक्त पेट्रोल. तेसुद्धा पाचशेचं.

आमच्या घरी हे काम पप्पा करायचे. दर रविवारी सकाळी चहा झाला की खाली पार्किंगमध्ये जायचे, बोनेट उघडायचे, कापडाने ऑइलची पट्टी पुसायचे, काहीतरी बघायचे आणि वर येऊन एका लाल डायरीत लिहायचे. मला ती त्यांची हौस वाटायची, काहीजण बागकाम करतात तशी. २०२३मध्ये त्यांनी गाडीची फेरनोंदणी करून घेतली आणि लगेचच त्यांची नागपूरला बदली झाली. किल्ली माझ्याकडे आली. डायरी डॅशबोर्डच्या खणात राहिली. तिच्यातली त्यांची शेवटची नोंद ११ जून २०२३ची आहे. पुढची दोन वर्षं पानं कोरी. त्या दोन वर्षांत मी गाडीला काय दिलं? पेट्रोल, दर सहा महिन्यांनी पीयूसी, दोन पंक्चर आणि आरशाला लटकवायला एक पांडा.

गेल्या जुलैत सोसायटीचे वॉचमन काका मला म्हणाले, ‘ताई, गाडीखाली सकाळी पाणी दिसतंय.’ मी म्हटलं, ‘एसीचं असेल हो.’ माझं उत्तर किती चुकीचं होतं ते आता कळतं. एसीचं पाणी गाडी चालू असताना आणि थांबल्यावर थोडा वेळ टपकतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीखाली सकाळी ताजा डाग असेल, तर तो एसीचा कशाला असेल? आणि तो हिरवट होता. मी बघितलाही होता. पावसाळा आहे, शेवाळ असेल म्हणून सोडून दिला.

सप्टेंबरमध्ये आम्ही पाच जण कासला फुलं बघायला निघालो. शनिवार सकाळ, पाच जणांच्या बॅगा, एसी फुल. शिरवळपर्यंत मजेत. खंबाटकी घाटात ट्रकमागे ट्रक, पहिला-दुसरा गियर, थांबा, पुन्हा उचला. एसीतून गरम हवा यायला लागली. मागून ‘एसी वाढव ना यार’ असा आवाज आला. मी वाढवला. मग गाडीने ओढायचं कमी केलं. काट्याकडे लक्ष गेलं तेव्हा तो पार वर टेकला होता. आणि इथे मी माझी सगळ्यात मोठी चूक केली. थांबले नाही. म्हटलं, माथा आलाच आहे, वर जाऊन थांबू. पाच-सात मिनिटं असेन फार तर. बोनेटच्या फटीतून वाफ आल्यावर गाडी कडेला घेतली.

आमच्यातला एक मित्र मदत करायला म्हणून पाण्याची बाटली घेऊन पुढे गेला. बोनेट उघडलं आणि रुमाल गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला हात घातला. तेवढ्यात मागच्या टेम्पोतून एक दादा ओरडत पळत आले, ‘ए! झाकणाला हात लावू नको!’ त्यांनी त्याला अक्षरशः मागे ओढलं. नंतर शांतपणे समजावलं, ‘कुकरची शिट्टी गेल्याशिवाय घरी झाकण काढता का? हा पण कुकरच आहे.’ रेडिएटरमधलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो आणि ते सगळं कारंज्यासारखं तोंडावर येतं. त्या दिवशी माझ्या मित्राचा चेहरा वाचला तो एका अनोळखी माणसामुळे. पाच ग्रॅज्युएट होऊ घातलेल्या मुलांना जे माहीत नव्हतं, ते त्यांना माहीत होतं. ही गोष्ट मी विनोदाने सांगत नाहीये. अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

त्या दादांकडून दोन गोष्टी शिकले. एक, काटा चढायला लागला की एसी लगेच बंद करायचा आणि हीटर फुल सोडायचा. हो, उन्हाळा असला तरी. हीटर इंजिनचीच उष्णता आत घेतो, इंजिनला तेवढा आराम. आणि सुरक्षित जागा मिळताच थांबून इंजिन बंद. दोन, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही. आधी बोनेट उघडून पूर्ण गार होऊ द्यायचं. अर्धा-पाऊण तास लागला तर लागला.

आमच्या बाबतीत उशीर झालाच होता. गाडी टोचन करून घाट उतरल्यावरच्या एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकने ऑइल भरायचं झाकण काढून दाखवलं. आतून ते चहावरच्या सायीसारखं दुधाळ, फेसाळ झालं होतं. म्हणजे ऑइलमध्ये पाणी गेलं, हेड गॅस्केट उडालं. निमित्त काय, तर एक रबरी होज पाईप चिरला होता आणि महिनोन्‌महिने थेंबथेंब गळत होता. पाईपची किंमत तीनशेच्या आत. हेड उतरवणं, फेसिंग, गॅस्केट, ऑइल, कूलंट, मजुरी धरून साडेअकरा हजार आणि पाच दिवस. ‘जुन्या गाड्या अशाच दगा देतात,’ मैत्रीण म्हणाली. मला ते तेव्हाही पटलं नाही. दगा कसला? गाडी दोन महिने सांगत होती. हिरवा डाग दाखवून सांगितलं, काट्याने सांगितलं, वॉचमन काकांच्या तोंडून सांगितलं. ऐकणारी मी होते.

गॅरेजमधली आणखी एक गोष्ट. गाडी मी चालवत होते, पैसे मी देणार होते, तरी मेकॅनिक सगळं त्या बाटलीवाल्या मित्राला सांगत होता. जो रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला होता, त्याला! मला राग आला, पण खरं सांगू? त्या क्षणी मला विचारायला एकही प्रश्न सुचत नव्हता. मुलींनो, हे खास तुमच्यासाठी. ‘आम्हाला गृहीत धरतात’ ही तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण ती करताना हातात ऑइलची पट्टी असेल तर समोरचा लवकर ऐकतो. डिसेंबरमध्ये मी घराजवळच्या गॅरेजमध्ये गेले, तेव्हा ‘सर्व्हिसिंग करून टाका’ असं म्हटलं नाही. म्हटलं, ‘सकाळी पहिल्यांदा सुरू केली की दोन मिनिटं चीं चीं आवाज येतो, गाडी गरम झाली की जातो.’ त्यांनी क्षणभर बघितलं आणि टॉर्च माझ्या हातात देत म्हणाले, ‘फॅन बेल्ट आहे, बघा, भेगा दिसतील.’ दिसल्या.

हे डॉक्टरसारखंच आहे. ‘मला टायफॉइड झालाय’ असं सांगायचं नसतं, ताप कधी येतो ते सांगायचं असतं. आम्हाला बातमी लिहायला शिकवतात तसं: कधी, कुठे, कसं. घाटात की सपाटीला? गार असताना की गरम झाल्यावर? ब्रेक दाबल्यावर की वळताना? एवढं सांगता आलं तर मेकॅनिकचा अंदाज आणि तुमचं बिल, दोन्ही आवाक्यात राहतात. आणि बदललेला जुना पार्ट मागून घ्या. न लाजता. प्रामाणिक माणूस तो आनंदाने दाखवतो.

आता तुम्ही म्हणाल, ‘पण आमची गाडी फार चालतच नाही.’ हाच तर गैरसमज. आमची गाडी त्या दोन वर्षांत जेमतेम चार हजार किलोमीटर फिरली. पण ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरी आणि टायर यांचं वय कॅलेंडरवरही मोजतात, फक्त मीटरवर नाही. उलट कॉलेज ते घर असा दहा मिनिटांचा प्रवास गाडीला जास्त जाचतो. इंजिन पुरतं गरम होत नाही, सेल्फ मारताना गेलेली बॅटरी भरून निघत नाही. मग परीक्षेच्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली की नुसतं कट-कट-कट. आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग चालवा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर जमली असेल तर ती साफ करून घ्या, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. (आणि पार्किंगमध्ये उंदीर असतील तर पावसाळ्यात जपा. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीची वायरिंग त्यांनी कुरतडली. ते आता बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात. उपयोग होतो की नाही माहीत नाही, गाडीला वास मात्र येतो.)

ऑइल बघणं तर मॅगी करण्यापेक्षा सोपं आहे. सपाट जागा, इंजिन गार, पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला, काढा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, वापरलेलं ऑइल काळं पडतंच. पातळी खालच्या खुणेखाली जाणं वाईट. ब्रेक ऑइलचं उलट आहे. त्याची डबी बाहेरूनच दिसते, पण पातळी खाली गेली तर नुसतं वरून भरून मोकळं होऊ नका. एकतर ब्रेक पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळतंय. ब्रेक ऑइल हवेतला ओलावाही शोषतं, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. पॅडल दाबल्यावर स्पंजसारखं लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल गेलं, तर त्या दिवशी गाडी गॅरेजशिवाय कुठेही न्यायची नाही.

आणि टायर. याबाबत मी आता जरा वेडीच झालेय, पार्किंगमध्ये लोकांचे टायर वाचत फिरते. टायरच्या बाजूवर डीओटीने सुरू होणाऱ्या अक्षरांच्या शेवटी चार आकडे असतात. २३१६ असेल तर २०१६चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसते, झिजलेली नाही, म्हणून टायर चांगला असं होत नाही. कमी चालणाऱ्या गाडीत नक्षी तशीच राहते आणि रबर आतून म्हातारं होतं. बाजूला बारीक भेगा दिसतात, ती सूचना समजा. स्टेपनीचाही आकडा वाचा. आमची स्टेपनी गाडीबरोबरच आली होती. हसा.

गाडीखालचा डाग ओळखायला मात्र एकदम सोपी युक्ती आहे. रात्री इंजिनखाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. (आमच्या पानाचा आणखी एक उपयोग.) सकाळी स्वच्छ पाणी असेल तर सोडा. हिरवं किंवा गुलाबी, बोटाला बुळबुळीत लागणारं म्हणजे कूलंट. काळपट-तपकिरी म्हणजे ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला तेलकट काही दिसलं तर ब्रेक ऑइल असू शकतं, किल्ली परत खिशात.

मध्यंतरी १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना एचएसआरपी नंबरप्लेट सक्तीची झाली, तेव्हा काय धावपळ झाली आठवतंय ना? स्लॉट मिळत नाही, मुदत वाढली का, दंड किती, घराघरात हीच चर्चा. मीही प्लेट लावून घेतली. त्या काळात माझ्या गाडीचा पाईप गळत होता. दंडाची भीती असली की आपण बरोब्बर जागे होतो. पंधरा वर्षं झालेल्या कारची फेरनोंदणी करायची फी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, वर पर्यावरण कर. ते पैसे भरून कागदावर गाडी पुढची पाच वर्षं ‘फिट’ होते. पण फिटनेस तपासणी होते त्या एका दिवशी. त्यानंतरच्या पाच वर्षांतले बाकीचे दिवस कोणी तपासायचे?

‘एवढं करण्यापेक्षा भंगारात दे ना,’ असंही मित्र म्हणतात. त्यांचं सगळंच चुकीचं नाही. माझ्या ८००मध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही. हायवेवर शंभरने पळणाऱ्या एसयूव्हींमध्ये तिला पाच जणांसकट घालणं हा शहाणपणा नव्हता, तिची देखभाल नीट असती तरी नव्हता. पावसाळ्यात मॅटखालचा पत्रा ओला राहून सडला असेल, खालून हात लावल्यावर भुगा पडत असेल, तर वेल्डिंगवर पैसे घालण्यात अर्थ नाही, निरोप द्या. माझा मुद्दा वेगळा आहे. जुनी गाडी ठेवायची तर सांभाळायची, नाहीतर विकायची. आपण बहुतेकजण तिसरंच करतो. ठेवतोही आणि बघतही नाही. घाटात माझी गाडी बंद पडली तेव्हा मागे रांग लागली होती. ब्रेक गेले असते तर त्या रांगेतलं कोणीतरी, कदाचित ते टेम्पोवाले दादाच, आमच्या पुढे असते. माझ्या गाडीचा होज पाईप हा फक्त माझा खासगी मामला नाही.

आणि शिकायला जुन्या गाडीसारखी शाळा नाही. नव्या गाड्यांचं बोनेट उघडलं की पुष्कळदा वर प्लॅस्टिकचं झाकण, खाली काय चाललंय पत्ता नाही. ८००चं उघडलं की सगळं समोर. हा रेडिएटर, हा पंखा, ही बॅटरी, हा बेल्ट. ड्रायव्हिंग क्लासच्या वीस दिवसांत आम्हाला क्लच, रिव्हर्स आणि चढावर गाडी उचलणं शिकवलं. बोनेट एकदाही उघडलं नाही. मी विचारलंही नाही.

ऑक्टोबरमध्ये दिवाळीला पप्पा आले. गाडीचं सगळं त्यांना फोनवर सांगितलं होतं, फक्त मित्राच्या हाताचं सोडून. ते त्या दिवशी पार्किंगमध्ये सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बोनेट उघडलं, कापड माझ्याकडे दिलं आणि बाजूला उभे राहिले. मी पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली. मग त्यांनी खणातून लाल डायरी काढली.

आता रविवारी मी लिहिते. अक्षर त्यांच्यापेक्षा वाईट आहे. परवाची नोंद अशी: ऑइल बरोबर. कूलंट मिन-मॅक्सच्या मध्ये, खाली डाग नाही. वायपरचं रबर फाटलंय. हवा चारही चाकांत भरली, स्टेपनी नवीन. मागचं डावं टायर २२१७, बाजूला भेगा. मानधन झालं की बदलायचं, तोपर्यंत कात्रजच्या पुढे नाही.